उंदराची रिकॉम्बिनंट प्रथिनं: सोलापुरातले संशोधक नेहमी विचारतात ते प्रश्न

सोलापुरातल्या कॉलेजांना, पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना आणि एमआयडीसीतल्या काही लॅबना लागणारी रिएजंट मागवून देणं हा माझा धंदा. त्याआधीची बरीच वर्षं सेल कल्चरच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या, खोलीत गेली. खालचे प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि सात रस्त्याला चहा पिता पिता विचारले गेलेत. पहिले तीन तरी ऑर्डर देण्याआधी वाचा. नंतर वाचून उपयोग नसतो.

रिकॉम्बिनंट म्हणजे काय? यासाठी उंदीर मारतात का?

नाही. लागतो तो उंदराच्या जनुकाचा मजकूर, आणि तो डेटाबेसमध्ये पडलेलाच आहे. उंदराच्या जीनोमचा मसुदा २००२ साली प्रसिद्ध झाला, तोही सी५७ब्लॅक/६ या लॅबमधल्या काळ्या उंदराचा. त्यातला हवा तो तुकडा कृत्रिमरीत्या तयार करून घेतात, प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात, बसवतात आणि तो प्लाझ्मिड जिवाणूत किंवा दुसऱ्या एखाद्या पेशीत सोडतात. पेशी ते प्रथिन बनवत राहते, मग ते गाळून शुद्ध करायचं. इन्सुलिनची गोष्ट हीच: १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन जिवाणूत बनलं आणि १९८२ मध्ये औषध म्हणून बाजारात आलं.

इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीवर, "उंदराचं प्रथिन" लिहिलं तर चालेल ना?

नाही चालणार, आणि हे मी पोळलेल्या तोंडानं सांगतोय. मराठीत माउसही उंदीर आणि रॅटही उंदीर. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका कॉलेजच्या स्टोअरमधून "उंदीर आयएल-६, १० मायक्रोग्रॅम" अशी चिठ्ठी आली. (आयएल-६ हे पेशींना निरोप देणारं एक लहान प्रथिन, अशांना सायटोकाइन म्हणतात.) मीही फार न विचारता पुढे पाठवली आणि आली ती रॅटची कुपी. उघडलेली कुपी कोणी परत घेत नाही. पैसे अर्धे माझ्या खिशातून गेले.

कॅटलॉगमधली "आर" या अक्षराची गंमतही लक्षात ठेवा. नावाच्या पुढे लागणारा पहिला "आर" रिकॉम्बिनंटचा. त्यानंतर "एम" आला तर माउस, "एच" आला तर मानव, आणि पुन्हा "आर" आला तर रॅट. म्हणजे "आरएम" हवं असताना "आरआर" घेतलंत की फसलात. जनुकाच्या नावातही खूण असते: माणसाच्या जनुकाचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहितात, उंदराचं फक्त पहिलं अक्षर मोठं.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमधला क्रमांक लिहून द्या. माउस टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारं सायटोकाइन, पुढे नुसतं टीएनएफ) हवं असेल तर पी०६८०४, माउस आयएल-६ साठी पी०८५०५. त्यापुढे कुठल्या अमिनो आम्लापासून कुठपर्यंतचा तुकडा आहे तेही बघा. माउस टीएनएफ पूर्ण २३५ अमिनो आम्लांचं, पण पेशीबाहेर विरघळून फिरतो तो ८० ते २३५ हा भाग, आणि कुपीत बहुधा तोच असतो.

मानवी प्रथिन फ्रीजमध्ये आहेच. तेच उंदराच्या पेशींवर घातलं तर?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक प्रथिनाचं वेगळं गणित आहे, आणि काही गणितं एकाच दिशेनं चालतात.

इंटरफेरॉन-गॅमा घ्या (या उत्तरातली सगळी नावं सायटोकाइनांचीच). मानवी आणि माउस यांच्यात सुमारे ४० टक्केच साम्य. मानवी इंटरफेरॉन-गॅमा उंदराच्या पेशी ओळखतच नाहीत. जीएम-सीएसएफ, आयएल-३, आयएल-४ यांचंही तसंच. तिथं माउसच लागतं, पर्याय नाही. आयएल-६ मात्र एकतर्फी: मानवी आयएल-६ उंदराच्या पेशींवर काम करतं, उंदराचं मानवी पेशींवर करत नाही. एम-सीएसएफ आणि एलआयएफ यांचीही तीच तऱ्हा. आयएल-२ मानवी असलं तरी उंदराच्या टी पेशी त्यावर छान वाढतात. आणि टीजीएफ-बीटा-१ च्या बाबतीत तर मानव आणि माउस यांच्या पक्व साखळीत एका अमिनो आम्लाचा फरक, तेव्हा तिथं उगाच जास्तीचे पैसे घालू नका.

फसवणारं आहे ते टीएनएफ. मानवी टीएनएफ उंदराच्या पेशींवर काम करतं असं दिसतं, कारण ते उंदराच्या पेशीवरच्या पहिल्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. दुसऱ्या रिसेप्टरला मात्र नीट चिकटत नाही. पेशी मरतात, तुम्ही खूश होता, आणि दोन वर्षांनी परीक्षक विचारतो की दुसऱ्या रिसेप्टरचं काय. त्या वेळी देण्यासारखं उत्तर हातात नसतं.

माउस आयएल-८ कुठं मिळेल?

कुठंच नाही. उंदरात ते जनुकच नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ओढून आणायचं आयएल-८चं काम उंदरात केसी म्हणजे सीएक्ससीएल१ आणि एमआयपी-२ म्हणजे सीएक्ससीएल२ करतात. त्यांपैकी एक मागवा. वर्षातून एकदा तरी हा प्रश्न येतोच.

ई. कोलायमधलं घेऊ की हेक पेशींमधलं? किमतीत बराच फरक आहे.

ई. कोलाय हा जिवाणू स्वस्त, झटपट, भरपूर देतो. पण जिवाणू प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवत नाही, आणि बऱ्याचदा प्रथिन पेशीत गोळा होऊन बसतं. ते युरियासारख्या रसायनात उलगडून पुन्हा घडी घालावी लागते. घडी चुकली की वजन बरोबर, काम शून्य. हेक २९३ किंवा सीएचओ या सस्तन प्राण्यांच्या पेशी. त्या साखळ्या चढवतात, डायसल्फाइड बंध जागच्या जागी लावतात, म्हणून महाग.

आयएल-६, टीएनएफ, इंटरफेरॉन-गॅमा, जीएम-सीएसएफ अशा लहान सायटोकाइनसाठी ई. कोलायमधलं सहसा पुरतं. रिसेप्टरचा बाहेरचा भाग, मोठी आणि साखळ्यांनी लगडलेली प्रथिनं यांना हेकच. हेकमधलं प्रथिन जेलवर, म्हणजे वजनानुसार प्रथिनं वेगळी करायच्या चाचणीत, अपेक्षेपेक्षा वर, फुगलेल्या पट्ट्यासारखं दिसलं तर घाबरून फोन करू नका. ते साखळ्यांचं वजन आहे. कुपीसोबतच्या प्रमाणपत्रावर "अंदाजित वजन" आणि "जेलवरचं वजन" असे दोन वेगळे आकडे असतात ते याचसाठी.

टॅग असलेलं घ्यावं का?

सहा हिस्टिडिनचा हिस टॅग लहान असतो, बहुतेक वेळा आड येत नाही. एफसी टॅग म्हणजे अँटिबॉडीचं शेपूटच. तो दोन रेणू जोडून ठेवतो, आणि मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर, त्या शेपटीला धरणारे रिसेप्टर असतात. मॅक्रोफेजवर एफसी टॅगचं प्रथिन घालणार असाल तर नुसत्या एफसीचं कंट्रोल घेतल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नका.

एंडोटॉक्सिनचा एवढा बाऊ का करतात?

कारण इथंच सगळ्यात जास्त प्रयोग वाया जातात, आणि करणाऱ्याला कळतही नाही. ई. कोलायच्या आवरणातला एलपीएस, म्हणजेच एंडोटॉक्सिन, प्रथिनासोबत कुपीत येतो. मॅक्रोफेज त्याच्यावर भडकतात, टीएनएफ आणि आयएल-६ सोडतात, आणि तुम्ही ते श्रेय तुमच्या प्रथिनाला देऊन मोकळे होता.

हिशेब हातानं करून बघा. एंडोटॉक्सिनचं एक युनिट म्हणजे ढोबळमानानं ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. समजा कुपीवर "प्रति मायक्रोग्रॅम १ युनिटपेक्षा कमी" लिहिलंय आणि तुम्ही प्रथिन २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरताय. तर एका मिलिलिटरला जास्तीत जास्त ०.०२ युनिट, म्हणजे २ पिकोग्रॅम एलपीएस. सहसा त्रास नाही. तेच प्रथिन १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घातलंत तर १ युनिट, म्हणजे १०० पिकोग्रॅम. एवढ्यावर मॅक्रोफेज उठून बसतात. म्हणजे "कमी एंडोटॉक्सिन" हे शब्द बघून चालत नाही, तुमच्या डोसनं गुणावं लागतं.

स्वस्तातलं कंट्रोल सांगतो. थोडं प्रथिन ९५ अंशांवर अर्धा तास उकळा. प्रथिनाची घडी मोडते, एलपीएस मात्र ढिम्म. उकळलेल्या नमुन्यानंही तोच परिणाम दिसला तर तो परिणाम प्रथिनाचा नाही. जोडीला प्लेटच्या एका खळग्यात (वेलमध्ये) एलपीएसला धरून निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून ठेवा.

आणि ऑटोक्लेव्हवर विसंबू नका. ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, त्याचा एलपीएस तसाच राहतो. काचेच्या भांड्यावरून तो घालवायचा तर कोरड्या भट्टीत २५० अंशांना अर्धा तास. पाण्याचंही तेच. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार, म्हणून लॅबमध्येही डिस्टिल्ड पाणी कॅनमध्ये भरून ठेवायची सवय. आठवडाभर ठेवलेल्या कॅनच्या आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. तीच ती एंडोटॉक्सिनची खाण. त्यापेक्षा मेडिकल दुकानातून "इंजेक्शनचं पाणी" लिहिलेली १० मिलिलिटरची अँप्युल आणा. त्याची मर्यादा प्रति मिलिलिटर ०.२५ युनिट असते आणि खर्च चहापेक्षा फार जास्त नाही.

कुपी रिकामी आली आहे!

नाही आली. १० मायक्रोग्रॅम म्हणजे साखरेच्या एका दाण्याचा साधारण पन्नासावा हिस्सा. कधी तळाला पांढुरकं जाळं दिसतं, कधी काहीच दिसत नाही. एका विद्यार्थिनीनं अशी "रिकामी" कुपी उघडून, उलटी करून, बाकावर ठोकून बघितली होती. त्यानंतर मात्र ती खरोखरच रिकामी होती.

मग विरघळवायची कशी?

कुपी न उघडता आधी छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये अर्धा मिनिट फिरवा. पावडर प्रवासात बुचाला चिकटलेली असते, ती खाली येते. मग कागदावर जे लिहिलंय त्यातच विरघळवा. काहींना निर्जंतुक पाणी, काहींना पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण), काहींना सौम्य आम्ल लागतं. मैत्रिणीच्या कुपीला पीबीएस चाललं म्हणून तुमच्या कुपीला चालेलच असं नाही. द्रव कुपीच्या भिंतीवरून सावकाश सोडा. व्हॉर्टेक्स करायचा नाही, फेस आला की प्रथिन बिघडतं. दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, मग हलक्या हातानं फिरवा.

१० मायक्रोग्रॅममध्ये १०० मायक्रोलिटर घातलं की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर झालं. त्याच्या १०-१० मायक्रोलिटरच्या दहा ट्यूब करा, प्रत्येकीत १ मायक्रोग्रॅम. १० मिलिलिटर मीडियमला (पेशी वाढवायच्या द्रावणाला) मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमनं २ मायक्रोलिटर लागतं, म्हणजे एक ट्यूब पाच प्लेटना पुरते. ट्यूबवर नाव, लॉट नंबर, तारीख मार्करनं लिहा आणि वरून सेलोटेप लावा. बर्फात शाई पुसली गेली की दहाही ट्यूब सारख्याच दिसतात.

"कॅरिअर-फ्री" म्हणजे काय?

प्रथिन फार पातळ केलं की ते प्लास्टिकला चिकटून बसतं. त्याला आधार म्हणून गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए, घालतात. बऱ्याचदा १ मायक्रोग्रॅमला ५० मायक्रोग्रॅम. पेशींवर घालायचं असेल तर बीएसए असलेलं घ्या, टिकतं जास्त. प्लेटला लेप द्यायचा असेल, प्रथिनाला रंग किंवा बायोटिन जोडायचं असेल, उंदराला टोचायचं असेल, तर कॅरिअर-फ्री. नाहीतर तुम्ही रंग जोडाल तो बहुतांशी गाईच्या अल्ब्युमिनला.

साठवायचं कुठं? आमच्याकडे लाइट जाते.

वाळवलेली कुपी उणे २० ला महिनोन्‌महिने राहते. विरघळवलेली उणे ८० ला, छोट्या ट्यूबमध्ये, आणि एकदा वितळवली की परत गोठवायची नाही. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रिज यासाठी वापरू नका. तो आपोआप बर्फ वितळवायला मधूनमधून गरम होतो, म्हणजे तुमचं प्रथिन रोज थोडंथोडं मरतं. जुना, बर्फाचे थर जमणारा डीप फ्रीझर दिसायला गबाळा असला तरी इथं तोच बरा. लाइट गेली तर दार उघडून "गार आहे का" बघायचा मोह टाळा. आणि ट्यूबचा डबा दाराजवळ ठेवू नका, मागं ढकला.

ईडी५० आणि युनिट यांचा हिशेब कसा लावायचा?

ईडी५० म्हणजे निम्मा परिणाम दाखवायला लागणारं प्रमाण. टीएनएफची चाचणी एल९२९ या उंदराच्या पेशींवर करतात: सोबत ॲक्टिनोमायसिन-डी घालायचं आणि किती पेशी मेल्या ते मोजायचं. दहा लाखाला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधल्या ईडी५०ने भागलं की प्रति मिलिग्रॅम युनिट मिळतात. ईडी५० ०.०५ असेल तर दोन कोटी युनिट. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाशी ताडून बघू नका. चाचणी वेगळी तर युनिट वेगळं. लॉट बदलला की तुमच्या पेशींवर एकदा वाढत्या डोसची शिडी लावून बघा, प्रमाणपत्र कितीही देखणं असलं तरी.

डाळिंबाच्या सालीच्या अर्कावर काम करतोय. टीएनएफ कमी होतंय हे दाखवायचं आहे.

सोलापुरात हा प्रश्न येणारच. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सालीचे ढीग फुकट मिळतात, आणि रॉ २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशींवर अर्क घालून बघणं हा आवडता विषय आहे. विषयाला माझा विरोध नाही. पण डाळिंबाच्या सालीत टॅनिन खच्चून भरलेलं असतं, त्यात प्युनिकॅलाजिन मुख्य, आणि टॅनिनचा धर्मच प्रथिनाला धरून बसण्याचा. चामडं कमावतात ते त्याच गुणावर. दाणे खाताना मधला पांढरा पापुद्रा तोंडात गेला की जीभ आखडते तीही त्यामुळंच.

आता विचार करा. पेशींनी टीएनएफ भरपूर सोडलंय, पण अर्कातल्या टॅनिननं ते धरून ठेवलंय, म्हणून एलायझाला (अँटिबॉडीनं प्रथिन मोजणाऱ्या चाचणीला) सापडत नाही. आलेखात टीएनएफ "कमी" झालेलं दिसतं, शोधनिबंधात "दाहशामक गुण" लिहिला जातो. हे झालंय की नाही ते पडताळायला माउस रिकॉम्बिनंट टीएनएफ लागतं, तेही थोडंच. पेशी नसलेल्या मीडियममध्ये ५०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर टीएनएफ घ्या, एका ट्यूबमध्ये अर्क घाला, दुसरीत घालू नका, दोन्ही ३७ अंशांना तुमच्या प्रयोगाइतका वेळ ठेवा आणि एलायझा करा. अर्काच्या ट्यूबमध्ये निम्मंच सापडलं तर तेवढी घट पेशींशिवायच होते, तिचं श्रेय पेशींवरच्या परिणामाला देता येत नाही. शक्य असेल तर आरएनएच्या पातळीवरही बघा, तिथं टॅनिनचा हा चिकटपणा आड येत नाही.

हे सांगितलं की मुलांचा चेहरा पडतो. गाइडचा जास्त.

माउस एम-सीएसएफ परवडत नाही. दुसरं काही?

आधी हिशेब करा. अस्थिमज्जेपासून मॅक्रोफेज करायला एम-सीएसएफ लागतं: मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमनं १० मिलिलिटरच्या प्लेटला २०० नॅनोग्रॅम, तिसऱ्या दिवशी ५ मिलिलिटर वाढवलं तर आणखी १००. एका १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत अशा तेहेतीस प्लेट होतात. दोघांनी मिळून घेतली तर इतकी महाग पडत नाही.

तरीही नको असेल तर वर आलेल्या एल९२९ पेशीच वाढवा. १९४८ साली एकाच पेशीपासून वाढवलेला हा जुना क्लोन एम-सीएसएफ आपणहून मीडियममध्ये सोडतो. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून (एनसीसीएस) मिळतात. फ्लास्क भरला की आठवडाभरानं वरचं मीडियम गोळा करायचं, गाळायचं, उणे ८० ला ठेवायचं आणि १० ते २० टक्के वापरायचं. एकदम मोठी बॅच करा, कारण दर बॅच वेगळी निघते. त्यात एम-सीएसएफशिवाय आणखी बरंच काही असतं. बारीक सिग्नलिंगचं काम असेल तर शुद्ध प्रथिनच घ्या.

आम्हीच ई. कोलायमध्ये बनवलं तर?

बनवा की. बीएल२१ जिवाणू, पेट व्हेक्टर (प्लाझ्मिड), आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), निकेलचा कॉलम (हिस टॅग धरणारा), एम.एस्सी.च्या मुलांना यातून जे शिकायला मिळतं ते विकतच्या कुपीतून नाही. ससा टोचून अँटिबॉडी करायला किंवा जेलवर मार्कर म्हणून ते चालेल. मॅक्रोफेजवर घालायला नको. एंडोटॉक्सिन काढण्यात तुमचं वर्ष जाईल आणि शेवटी तुम्ही मलाच फोन कराल.

परवानग्या कोणत्या?

विकत घेतलेलं शुद्ध प्रथिन पेशींवर घालायला जनुकीय बदलाची वेगळी परवानगी लागत नाही. स्वतः क्लोनिंग करणार असाल तर १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे जा. उंदराला टोचणार असाल, किंवा अस्थिमज्जेसाठी उंदीर वापरणार असाल, तर प्राणी नीतिसमितीची मंजुरी आधी हवी.

रुग्णाला देता येईल का?

नाही. "फक्त संशोधनासाठी" याचा अर्थ तोच आहे.

मे महिन्यात मागवलं तर वाटेत खराब होईल का?

वाळवलेलं प्रथिन जेलपॅकमध्ये दोन-तीन दिवस सहज काढतं, जेल वितळलेलं दिसलं तरी. द्रवरूपात येणारं मात्र पारा ४२-४३ ला असताना मागवू नका. लागणार असेल तर फेब्रुवारीतच मागवून ठेवा. खोकं सोमवारी निघेल असं बघा, म्हणजे शनिवारी दुपारी बंद कॉलेजच्या गेटवर येऊन पडणार नाही. संक्रांतीच्या आसपास, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत, मी स्वतः ऑर्डर घेत नाही. रस्ते बंद, कॉलेज सुस्त, आणि कुरिअरवाला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. पत्त्यावर विभागप्रमुखांचा नंबर घालू नका, त्या वेळी ते मीटिंगमध्ये असतात. लॅब अटेंडंटचा घाला.